मान रुंद, पोट तेवढंच

श्रोतेहो, नमस्कार.

रायफलच्या काडतुसाची रिकामी पुंगळी जवळून पाहिली, तर ती लहानशा पितळी बाटलीसारखी दिसते. खाली जाड बूड, बुडाच्या मधोमध दारू पेटवणारी टोपी म्हणजे प्रायमर, वर पोट, मग उतरते खांदे आणि शेवटी मान. सगळी नावं माणसाच्या अंगाचीच. पोटात दारू भरायची आणि मानेत गोळी घट्ट बसवायची.

आता काही हौशी मंडळींना कारखान्यातून आलेलं काडतूस जसंच्या तसं वापरवत नाही. ते पुंगळीचा आकार बदलतात, तिच्यासाठी वेगळं चेंबर, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं ती पोकळी, कोरून घेतात आणि कुठल्याही कारखान्याच्या यादीत नसलेलं काडतूस तयार करतात. त्याला म्हणतात वाइल्डकॅट. रानमांजरच म्हणा ना, कुणी न पाळलेलं.

वाइल्डकॅटचा नेहमीचा रस्ता म्हणजे मोठ्या पुंगळीची मान आवळायची आणि बारीक गोळी भन्नाट वेगाने पळवायची. आज मला बोलायचंय ते उलट्या रस्त्याने जाणाऱ्यांबद्दल. हे लोक लहान पुंगळी घेतात आणि तिची मान फुगवून जाड गोळी बसवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हा आवळा देऊन कोहळा काढायचा प्रकार वाटला होता. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मान कितीही फुगवली तरी पोटात दारू मावते तेवढीच. मग मिळतं काय?

थोडा हिशेब करू. .२२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाची गोळी ५.६९ मिलिमीटर जाडीची असते. तीस कॅलिबरची गोळी ७.८२ मिलिमीटरची. फरक जेमतेम दोन मिलिमीटरचा, पण वायू ज्यावर ढकलतो ते गोळीचं बूड जवळपास दुप्पट होतं. शिवाय नळी रुंद असल्यामुळे गोळी जराशी सरकली तरी मागे जागा झपाट्याने वाढते आणि दाब लवकर उतरतो. म्हणून अशा काडतुसाला चटकन जळणारी दारू लागते, आणि तिचं काम आखूड नळीतच उरकतं. वेग कमी मिळतो, वजन जास्त मिळतं. सौदा आहे हा, आणि तो कुणाला परवडतो ते पाहण्यासारखं आहे.

अमेरिकेत १९६७ साली थॉम्पसन सेंटर कंपनीचं कंटेंडर नावाचं एकफैरी पिस्तूल आलं. ते मधोमध मोडून उघडायचं, नळ्या बदलता यायच्या, आणि त्यात रायफलची काडतुसंही चालायची. मात्र त्याच्या सांगाड्याला मर्यादा होती. बार उडाला की पुंगळीचं बूड मागे रेटा देतं. दाब तोच असेल, तर बूड जितकं मोठं तितका रेटा मोठा. .३०८ विंचेस्टर या मोठ्या काडतुसाच्या मानाने .२२३ च्या बुडाचं क्षेत्रफळ दोन तृतीयांशही भरत नाही. म्हणजे लहान बूड सांगाड्याला सोसणारं.

त्याच सुमारास धातूच्या आकृत्या पाडण्याचा खेळ मेक्सिकोतून अमेरिकेत रुजला होता. कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा. पिस्तुलाच्या स्पर्धेत मेंढा २०० मीटरवर. गंमत अशी की गोळी लागून भागत नाही, मेंढा आडवा पडावा लागतो. साडेतीन ग्रॅमची गोळी त्याच्या अंगावर टण्ण वाजते आणि मेंढा उभाच! वेस उगाल्दे यांनी .२२३ ची मान सात मिलिमीटरपर्यंत फुगवली आणि तिच्यात नऊ ग्रॅमच्या आसपासच्या गोळ्या बसू लागल्या. हेच सात मिलिमीटर टीसीयू. त्यातला यू उगाल्देंचा. बूड लहान राहिलं, सांगाडा शाबूत राहिला, मेंढा पडला.

दुसरी गोष्ट जे. डी. जोन्स यांची. आवाजापेक्षा वेगाने जाणारी गोळी हवेत कडाका काढते, आणि तो कडाका नळीवर बसवलेल्या सायलेन्सरला अडवता येत नाही. म्हणजे शांतता हवी असेल तर गोळीने सेकंदाला ३४० मीटरच्या आत राहायला हवं. वेगाला असं झाकण बसलं की ऊर्जा वाढवायला उरतं फक्त वजन. जोन्स यांनी .२२१ फायरबॉल ही चिमुकली पुंगळी घेतली, मान तीस कॅलिबरची केली आणि चौदा-पंधरा ग्रॅमच्या लांब, जड गोळ्या बसवल्या. नाव ठेवलं व्हिस्पर. कुजबुज! बारशाला याहून चांगलं नाव सुचणं कठीण होतं.

अचूकतेच्या स्पर्धांतलं सहा मिलिमीटर पीपीसी हेही याच कुळातलं, पण त्याची वंशावळ मजेदार आहे. मूळ पुंगळी सोव्हिएत ७.६२ बाय ३९ ची. तिची मान आवळून .२२० रशियन झालं. मग १९७५ साली लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी त्याची मान पुन्हा थोडी उघडली, पोट सरळ केलं आणि खांदे अधिक ताठ केले. एक डॉक्टर, दुसरा हत्यारं घडवणारा कारागीर. या काडतुसाने बेंचरेस्टच्या, म्हणजे रायफल बाकावर टेकवून नेम साधण्याच्या, मैदानात वर्षानुवर्षं इतरांना डोकं वर काढू दिलं नाही.

पितळ मात्र सगळं मुकाट्याने सहन करत नाही. मान ताणली की तिची भिंत पातळ होते. वारंवार वाकवलेलं पितळ कडक होतं आणि मानेला उभी चीर जाते. म्हणून मानेला शेक देऊन ती मऊ करतात, पण तो शेक बुडापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, कारण तिथे कडकपणाच हवा. आणखी एक कटकट अशी की, मान फुगवताना खांद्याचं जाड पितळ मानेच्या तळाशी येतं आणि आतून कडं तयार होतं. नेमबाज त्याला डोनट म्हणतात. ते कापून काढलं नाही तर गोळी तिथे आवळली जाते. आणि मान पोटाएवढी रुंद होत गेली की खांदाच उरत नाही. पुंगळी चेंबरमध्ये नेमकी अडते ती बहुधा खांद्यावर. .३०० ब्लॅकआउट या काडतुसाचा खांदा बघा, एका बाजूला अर्धा मिलिमीटरही नाही.

हे ब्लॅकआउट म्हणजे व्हिस्परचंच सख्खं भावंड. २०११ मध्ये काडतुसांची प्रमाण मापं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सामी या संस्थेने त्याची मापं ठरवून दिली, म्हणजे ते रानमांजर उरलं नाही. .२२३ ची पुंगळी कापून ते बनतं, त्यामुळे चेंबर मागून बंद करणारा बोल्ट तोच, काडतुसं भरायचं मॅगझिन तेच, बदलायची फक्त नळी. ही सोय फार वाखाणली जाते. मला मात्र तिचीच धास्ती वाटते. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या रायफलमध्ये गेलं, तर काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट चक्क बंद होतो. गोळी मागे पुंगळीत रेटली जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही. मग चाप ओढला की आठ मिलिमीटरच्या जवळची गोळी साडेपाच मिलिमीटरच्या भोकापुढे उभी राहते, आणि रायफल हातात फुटते. घरी घडवलेल्या पुंगळीच्या बुडावर तर अजून जुनंच नाव कोरलेलं असतं, त्यामुळे बूड वाचूनही उलगडा होत नाही. म्हणून दोन्ही रायफली बाळगणारे सावध नेमबाज ब्लॅकआउटच्या मॅगझिनला वेगळ्या रंगाची पट्टी गुंडाळतात, आणि एका वेळी मैदानावर एकच रायफल नेतात.