अडीचशे किलो पेलणारी दोरी

[दृश्य: टेबलावर हातभर हिरवी दोरी, शेजारी कात्री]

जाडी जेमतेम चार मिलिमीटर. बुटाच्या नाडीपेक्षा किंचित जाड. पण ५५० पौंड, म्हणजे जवळजवळ २५० किलोच्या ताणाआधी ही तुटता कामा नये, अशी अमेरिकी लष्कराची अट होती. म्हणून बाजारात पॅराशूटच्या या नायलॉन दोरीला ‘५५० पॅराकॉर्ड’ म्हणतात.

टोक कापून विणलेलं आवरण बोटांनी मागे सारलं, की आतून पांढरे धागे मोकळे होतात. मोजले तर सात. त्यातला एक उलटा पिळला, की त्याचेही पेड सुटतात. घासणं आवरण सोसतं, ओझं गाभा आणि आवरण मिळून पेलतात. विकत घेताना हे एवढं तरी पाहाच. आत नुसता पिंजलेला पुंजका निघाला, तर ती केवळ दिसायला पॅराकॉर्ड आहे.

ताणली की ही दोरी तुटण्याआधी निदान तीस टक्के लांबते. पॅराशूट उघडताना सैनिकाच्या अंगाला जो हिसका बसतो, तो या लांबण्यात जिरतो. तिची खरी ताकद मला इथे दिसते.

[दृश्य: युद्धकाळातील कृष्णधवल छायाचित्रे]

आधी पॅराशूट रेशमाची असत आणि रेशीम मुख्यतः जपानातून येई. १९३५ साली ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या चमूने नायलॉन घडवलं. १९४० मध्ये त्याचे बायकांचे पायमोजे अमेरिकेत दुकानांत आले. पुढे युद्धामुळे जपानी रेशीम बंद झालं आणि सगळं नायलॉन लष्कराकडे वळलं. ६ जून १९४२ रोजी ॲडेलिन ग्रे या तरुणीने अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथे नायलॉनच्या पॅराशूटने उडी घेऊन ते माणसाला पेलतं हे दाखवून दिलं.

जमिनीवर उतरल्यावर सैनिक पॅराशूटच्या दोऱ्या कापून जवळ ठेवत. तीच सवय पुढे गिर्यारोहकांना आणि भटक्यांना लागली. तंबूचा ताण, ताडपत्री, तुटलेली नाडी, चाकूची मूठ. आतला एकच धागा काढला तर फाटलेली सॅक शिवता येते, गळही बांधता येतो.

आता सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी, अगदी कळकळीने. हिच्यावर जीव टांगू नका. २५० किलो हा आकडा नव्या, कोरड्या, सरळ ओढलेल्या दोरीचा आहे. गाठ मारली की त्यातला मोठा हिस्सा जातो, भिजली की आणखी थोडा. आणि कड्यावरून घसरणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

[दृश्य: ताणून बांधलेल्या दोरीवर दुसरी दोरी करवतीसारखी फिरते]

हे नीट पाहा. नायलॉनवर नायलॉन एकाच जागी घासलं, की तिथली दोरी तापते, वितळते आणि काही क्षणांत तुटते. कड्यावर उतरताना दोर जिथे दोरावर घासेल, तिथेही हेच होणार. चढाई-उतराईसाठी त्यासाठीच बनवलेला, प्रमाणित दोर हवा.

कापलेलं टोक लायटरने हलकं वितळवून घ्या, म्हणजे आवरण उसवणार नाही. वितळलेल्या नायलॉनला बोट लावू नका, ते कातडीला चिकटतं. आणि गच्चीवर महिनोन्‌महिने उन्हात पडलेली दोरी रंग उडून कडक झाली असेल, तर ती तंबूलाही वापरू नका.