लाकडी कोर्टच्या पोटात काय असतं?

मंडळी, ही मेपलची पट्टी बघा. रुंदी 57 मिलिमीटर, जाडी साधारण 20. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला तिच्या मापाची खाच. इनडोअर कोर्ट म्हटलं की हेच चकचकीत लाकूड डोळ्यांसमोर येतं. पण ही पट्टी सरळ काँक्रीटवर चिकटवली, तर पायाला ती जवळजवळ काँक्रीटसारखीच लागेल. उडी झेलायचं काम तिच्या खालच्या थरांचं.

तेव्हा तळापासून सुरुवात करू. आधी कोबा. 3 मीटरच्या सरळ पट्टीखाली 3 मिलिमीटरहून जास्त उंचसखलपणा नको, आणि तो खरोखर वाळलेला हवा. वाळायला महिने लागतात, इकडे उद्घाटनाची तारीख ठरलेली असते. बहुतेक भानगडींचं मूळ इथे आहे. कोब्यावर ओल अडवणारं पॉलिथिन, त्याचे सांधे एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने बंद केलेले. मग रबराचे पॅड, त्यांवर प्लायवूडचे दोन थर, एकमेकांना आडवे किंवा तिरपे. काही ठिकाणी प्लायवूडऐवजी लाकडी बॅटन, म्हणजे लांब आडव्या दांड्या, घालतात. सगळ्यात वर या पट्ट्या. खिळा जिभेतून तिरका जातो आणि पुढच्या पट्टीची खाच त्याला झाकते, म्हणून तयार कोर्टवर एकही खिळा दिसत नाही.

जमीन दबली पाहिजे, पण गादी होता कामा नये. युरोपीय मानक ईएन 14904 नुसार काँक्रीटच्या तुलनेत 25 ते 75 टक्के धक्का जमिनीने शोषायचा, आणि चेंडूची उसळी मात्र निदान 90 टक्के राहिली पाहिजे. एखाद्या जागी पॅड निसटला की चेंडू तिथे मरतो. खेळाडूंना असे कोपरे बरोबर ठाऊक असतात!

आता ओलीकडे येतो, कारण माझ्या मते लाकडी कोर्ट टिकतं की जातं ते तिथेच ठरतं. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. हवेतला दमटपणा शोषून लाकडातलं पाणी एका टक्क्याने वाढलं, की ही पट्टी 0.1 ते 0.2 मिलिमीटर फुगते. किरकोळ वाटतं ना? बास्केटबॉल कोर्ट 15 मीटर रुंद, म्हणजे अशा 263 पट्ट्या. सगळ्या मिळून अडीच ते पाच सेंटीमीटर! म्हणून भिंतीलगत जवळपास 5 सेंटीमीटर फट सोडतात, मधेमधे बारीक फटी ठेवतात, आणि कडेला हवा खेळेल अशी जाळीदार पट्टी लावतात. एका हॉलमध्ये कुणीतरी ही फट 'वाईट दिसते' म्हणून सिमेंटने लिंपली होती. पावसाळ्यानंतर आम्ही गेलो, तर मधल्या पट्ट्या तंबूसारख्या उभ्या! त्या जागी पाय ठेवला की खाली पोकळ ठक्क आवाज यायचा.

पट्ट्या बसवल्या की घासकाम, सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर), कोर्टच्या रेषा आणि त्यांवर पारदर्शक फिनिश, याच क्रमाने. रेषा फिनिशखाली असल्या की बुटांनी झिजत नाहीत. पुढे पाणी ओतून फरशीसारखं धुवायचं मात्र कधीच नाही.

फिनिश झिजलं की जमीन पुन्हा घासून नवी करता येते, पण किती वेळा? हे उत्तर या पट्टीतच आहे. खाचेच्या वर उरलेलं हे लाकूड बघा, तेवढंच तुमच्या हातात. घासताना खिळ्याचं डोकं चमकलं की मशीन बंद करायचं.