रांजणवाडी म्हणून काढलेला तुकडा टाकून देऊ नका

पत्रिकेवर विषय छापलाय लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरचा रिपोर्ट, त्यावर येतोच मी, पण तुम्ही काढलेले तुकडे तपासणारा पॅथॉलॉजिस्ट म्हणून आधी जरा रांजणवाडीवर बोलू द्या, सोलापुरातले इतके डोळ्यांचे डॉक्टर आणि ओटीतली, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली, मंडळी एका हॉलमध्ये परत कधी सापडणार.

अक्कलकोटकडच्या एक मावशी होत्या, साठीच्या पुढच्या. वरच्या पापणीत गाठ. एका ठिकाणी चिरून खरवडली, काही महिन्यांनी परत आली, परत खरवडली, परत आली, असं तीनदा. आणि तिन्ही वेळा जे निघालं ते ट्रेमधून थेट कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत! चौथ्यांदा दुसऱ्या डॉक्टरांनी तुकडा माझ्याकडं पाठवला. स्लाइड बघितली तर पेशी फेस भरल्यासारख्या, केंद्रकं वेडीवाकडी, पापणीतल्या तेलग्रंथीचा कॅन्सर, सेबेशियस कार्सिनोमा. तोवर कानापुढची गाठपण सुजलेली. मावशी रिपोर्ट न्यायला आल्या तेव्हा जुने तिन्ही कागद कॅरीबॅगेत घेऊन आल्या, म्हणाल्या, "बघा की डॉक्टर, यात कुठं लिहिलंय का काय निघालं ते?" तारीख होती, भूल होती, ड्रॉप्स होते. काय निघालं ते कुठंच नव्हतं. मला अजून राग येतो.

गोऱ्या लोकांच्या देशांत हा कॅन्सर क्वचित दिसतो, आपल्याकडं पापणीच्या कॅन्सरमध्ये तो नेहमीचा आहे. म्हणून परत आलेली रांजणवाडी, म्हाताऱ्या माणसाची रांजणवाडी, पापणीचे केस गळालेत अशी रांजणवाडी, तपासायला पाठवाच. शंका असली तर काढायच्या आधी मला एक फोन करा, कारण स्लाइडसाठी तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये पेशीतली चरबी धुवून जाते, चरबीचा रंग द्यायचा तर मेणात न घातलेला तुकडाच लागतो.

आणि बाटली! सलाईनमध्ये दोन दिवस पडलेला तुकडा सडतो हो, मग मी काय वाचू. १० टक्के फॉर्मलिन, तुकड्याच्या निदान दहापट. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा असेल तर आधी कागदावर सपाट पसरा, नाहीतर गुंडाळी होते आणि कडा कुठली तेच कळत नाही. मात्र बुरशीचं कल्चर, म्हणजे ती वाढवून बघायची तपासणी, हवं असेल तर तेवढा भाग फॉर्मलिनमध्ये घालायचा नाही. उसाचं पान लागून डोळा गेलेला शेतकरी आपल्याकडं येतो, त्याच्यासाठी हे लक्षात ठेवा.

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, तर रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे पत्रिकेवरचा तो मुलांच्या डोळ्यातला कॅन्सर, भराभर सांगतो. मुलाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते, पण इथं आधी सुई घालून तुकडा काढायचा नसतो, गाठ बाहेर पसरू शकते, निदान होतं ते तपासणी आणि स्कॅनवर. डोळा काढावाच लागला तर ऑप्टिक नर्व्ह, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडं जाणारी नस, जमेल तितकी लांब घ्या, डोळा आख्खा फॉर्मलिनमध्ये टाका, ओटीत कापून बघू नका.

माझ्याकडं आल्यावर पहिल्यांदा नर्व्हचं कापलेलं टोक वेगळं काढतो, मग डोळा उघडतो, नाहीतर गाठीच्या पेशी सुरीबरोबर टोकाला लागतात. रिपोर्टमध्ये तुम्ही दोनच ओळी आधी शोधा: टोकात गाठ आहे का, आणि कोरॉइडमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थरात, ३ मिलिमीटर किंवा जास्त शिरलीय का. केमो द्यायची का हे बरंचसं यावर ठरतं. आणि भावंडांचे डोळे बाहुली मोठी करून तपासून घ्या, आईबापांना त्याच दिवशी सांगा, पुढच्या व्हिजिटवर ढकलू नका.