खडूला पासवर्ड लागत नाही

(दृश्य : भरलेला वर्ग. शिक्षकाच्या टेबलावर लॅपटॉप, मागे निळा पडदा.)

तास 40 मिनिटांचा. हजेरीत 5 मिनिटं गेली. आता लॅपटॉप सुरू करायचा, एचडीएमआय केबल जोडायची, प्रोजेक्टर उजळायची वाट पाहायची. तेवढ्यात पडद्यावर ‘नो सिग्नल’ उमटतं आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते.

(दृश्य : कीबोर्डवर बोटं, अगदी जवळून.)

बिघाड बहुधा किरकोळच असतो. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा, प्रोजेक्टरचा सोर्स, म्हणजे तो चित्र कोणत्या जोडणीतून घेतोय, ते तपासा, मग विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. चित्र आलं, पण आवाज गायब? केबल जोडल्यावर लॅपटॉप अनेकदा आवाजही प्रोजेक्टरकडे वळवतो, आणि तिथला स्पीकर क्षीण असतो किंवा नसतोच. खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावरून आउटपुट बदलायचं, बस. पण हे पहिल्यांदा सगळ्या वर्गासमोर निस्तरावं लागलं, तर पुढच्या तासाला हात खडूकडेच जातो. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या प्रारूपात तंत्रज्ञानाचा स्वीकार मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : ते उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. शिक्षणाच्या अभ्यासक पेगी अर्टमर यांनी 1999 मध्ये शिक्षकांपुढचे अडथळे दोन प्रकारांत विभागले. उपकरणं, वेळ, प्रशिक्षण, मदत हे बाहेरचे. शिकवणं म्हणजे काय याबद्दलच्या धारणा हे आतले. बाहेरचे अडथळे पैशाने बरेचसे हटतात. आतले मात्र नव्या यंत्रालाही पुरून उरतात : शिकवणं म्हणजे सांगणं असं मानणारा शिक्षक स्मार्टबोर्डवरही 60 स्लाइड वाचूनच दाखवतो.

शाळेचा कारभारही आड येतो. लॅबची किल्ली एकाकडे, नोंदवही दुसऱ्याकडे, आणि टॅब्लेट फुटला तर भरपाई कुणाची, हे कुणी सांगत नाही. मग टॅब्लेट कपाटातच सुरक्षित राहतात. प्रशिक्षणात दिवसभर बटणं दाखवतात. पुढच्या आठवड्याचा एखादा पाठ घेऊन शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्याबरोबर बसलं, तर त्याहून जास्त हाती लागतं.

(दृश्य : पडद्यावर आलेख, खाली ‘m’चा स्लायडर.)

विषय, अध्यापन आणि तंत्रज्ञान या तिन्हींची जाण एकत्र यावी लागते, असं मिश्रा आणि कोहलर या अभ्यासकांनी 2006 मध्ये मांडलं. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये y = mx + c ची रेषा घ्या; m म्हणजे रेषेचा उतार, तो स्लायडरने बदलतो. स्लायडर आधीच सरकवला, तर मुलं नुसती बघत राहतात. त्याऐवजी विचारा : m ऋण झाला, तर रेषा कशी झुकेल? वहीत काढा. मगच स्लायडर हलवा. वहीतली रेषा पडद्याशी जुळली नाही, की प्रश्न मुलांकडूनच येतात.

सरकवायला 10 सेकंद लागतात, अंदाज काढायला 3 मिनिटं. परीक्षा जवळ आली आणि ‘पोर्शन कुठवर आला?’ अशी विचारणा झाली, की पहिली कात्री या 3 मिनिटांनाच लागते.