दहापर्यंत मोजताना

(अपघातातून सावरणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर नाशिकमध्ये केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरात एक खाट भिंतीपासून दोन हात पुढे ओढलेली असेल, पेशंटला दोन्ही बाजूंनी कुशीवर वळवता यावं म्हणून. आमच्या गंगापूर रोडच्या घरात ती अकरा महिने तशी होती.

माझा भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पुण्यात नोकरीला होता. त्या वर्षी तो भाऊबीजेला येणार नव्हता, सुट्टी एकाच दिवसाची होती. मी फोनवर हट्ट धरला. रात्री सिन्नरजवळ, दिवे न लावता रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर त्यांची गाडी मागून आदळली. तो मागच्या सीटवर झोपला होता, पट्टा न लावता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा असतो, हे मला माहीत होतं. मी त्याला ते कधीही सांगितलं नव्हतं.

टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेला एक टेम्पोवाला थांबला. त्याने १०८ ला फोन केला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत माझ्या भावाची मान हलू न देता धरून बसला. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून नाव न सांगताच निघून गेला, असं पुढे बसलेल्या मित्राने नंतर सांगितलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. जखमीला मदत करणाऱ्याला आपलं नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं त्याखालचे नियम म्हणतात. हे त्या माणसाला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि त्याचे आभार मानायचं माझं राहूनच गेलं. म्हणून आज इथे मानते.

डाव्या बाजूला मार होता. मेंदूला सूज आली तेव्हा डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. हाड तिथे टिकतं, सूज उतरल्यावर परत बसवतात. आईला हे सांगायचं कसं, यावर मी आयसीयूच्या बाहेर तासभर विचार करत बसले होते. शेवटी सांगितलं, की धान्य कणगीत ठेवतो तसं ठेवलंय. तिला पटलं. तिथे सगळे नातेवाईक आकड्यांवर जगतात. पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारं ग्लासगो कोमा स्केल नावाचं एक मोजमाप आहे, ३ ते १५. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. घशात नळी असली की बोलण्याचे गुण मोजताच येत नाहीत. हे कळेपर्यंत मी त्या आकड्याला परीक्षेच्या निकालासारखी धरून होते.

तो शुद्धीवर आला, पण शब्द आले नाहीत. याला अफेजिया म्हणतात. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने असा एक रुग्ण तपासला होता, ज्याला एकच अक्षर उच्चारता यायचं, पण समोरच्याचं बोलणं कळत होतं. माझ्या भावालाही कळत होतं. किल्ली हवी असली की तो ‘कुलूप’ म्हणायचा, आणि आपण चुकलो हे त्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं. पाढे मात्र आले! मी सहज ‘बे एके बे’ म्हटलं आणि तो बे दाहे वीसपर्यंत न अडखळता गेला. गणपतीची आरतीही आली. पाठ असलेलं, तालातलं बोलणं कधी कधी वेगळ्या वाटेने बाहेर पडतं, हे नंतर समजलं. त्या दुपारी मला वाटलं, आता सगळंच आलं. पुढच्या मिनिटाला त्याला ‘पाणी’ म्हणता येईना.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मला बोलायचंच आहे. आपल्याकडे माणसं प्रेमाने येतात, शहाळं घेऊन येतात, आणि खाटेशी वाकून विचारतात, “ओळखलंस का? सांग बरं मी कोण?” अहो, त्याला तुम्ही कोण ते माहीत असतं! नाव ओठांवर येत नाही, आणि दहा माणसांसमोर तो नापास होतो. देवळालीहून आमचे मामा आले, ते मात्र खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “मी मामा. बसतो जरा तुझ्याजवळ.” अर्धा तास बसले, काही विचारलं नाही. मामा गेल्यावर भाऊ शांत झोपला. टीव्ही बंद करा, एका वेळी एकानेच बोला, मोठ्याने ओरडू नका. तो बहिरा नाही.

आता माझी चूक. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पोरगं अडलं की पुढचा शब्द द्यायची मला सवय. त्यात मीच त्याला बोलावलं होतं, हे मनातून जात नव्हतं. म्हणून मी त्याच्यासाठी सगळं करत सुटले. तो ‘च’ म्हणाला की चहा. उजव्या हाताने चमचा धरायला धडपडला की मी भरवायचे. डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” असं त्याला विचारलं की उत्तर माझं. सगळे म्हणायचे, बहीण असावी तर अशी. एक दिवस त्याने डाव्या हाताने वरणाची वाटी भिंतीवर फेकली. मला वाटलं, मेंदूच्या मारामुळे चिडचिड होते म्हणतात, तीच ही. तशी चिडचिड होतेही, ते खरं आहे. पण त्या दिवशीचा राग खुद्द त्याचा होता आणि तो माझ्यावर होता.

स्पीच थेरपीच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “ताई, प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा. तोंड उघडू नका.” करून बघा. सहा-सातला जीव कासावीस होतो. मी माझी बोटं पदरात घट्ट धरून बसायचे. पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. मग एकदा आठवर तो म्हणाला, “खिडकी.” उघडायची की लावायची ते मी विचारलं नाही, पुन्हा मोजायला लागले. त्याने हाताने दाखवलं: उघड.

त्यानंतर फिजिओथेरपीतही माझं लक्ष तिकडेच गेलं. धरायचं कुठे आणि सोडायचं कुठे. गोदापार्कवर चालताना मी त्याच्या उजव्या अंगाला असते, पण हात धरत नाही. पाऊल अजून ओढत पडतं. कॉलेज रोडला मिसळ खायला गेलो, तर पोऱ्याने मला विचारलं, “यांना काय आणू?” मी त्याच्याकडे बोट केलं आणि मोजत राहिले. मागच्या टेबलवाले बघत होते. चौदापर्यंत गेले असेन. “मिसळ. पाव… जास्त.”

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण आम्ही त्यात धावाधाव केली. एफआयआरची प्रत, डिस्चार्ज कार्ड, बिलं, सगळं एका फाइलमध्ये पहिल्या आठवड्यापासून ठेवा. भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करायचा असतो. खाटेजवळ बसलेल्या माणसाला सहा महिने कधी सरले ते कळत नाही, म्हणून हे काम खाटेपासून लांब असलेल्या चुलतभावाला किंवा मेव्हण्याला द्या. ज्यांना “काही मदत लागली तर सांग” म्हणायचं असतं, त्यांना हेच सांगा.

फिट येऊ नये म्हणून दिलेली गोळी तो बरा दिसतोय म्हणून स्वतःहून बंद करू नका. दुपारची झोप मोडू नका, जखमी मेंदू लवकर थकतो. आणि स्वतः आठवड्यातून एकदा तरी घराबाहेर पडा. मी रामकुंडावर जाऊन बसायचे. तिथे मला कोणी ‘कसा आहे आता?’ विचारत नव्हतं.

भाऊबीजेचं मी त्याला शेवटी बोलले, दोन वर्षांनी. माझ्यामुळे झालं म्हणाले. तो बराच वेळ गप्प होता आणि मी मोजणंही विसरले होते. मग म्हणाला, “ट्रक.” आणि थोड्या वेळाने, “तू… नाही. ट्रक.”

हे भाषण मी काल त्याला वाचून दाखवलं. दोन वाक्यं त्याने काढायला लावली, ती मी वाचली नाहीत. तो तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ बसलाय. आता प्रश्न विचारायचे असतील तर मला नको, त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागेल.