डाय तीच, गोष्ट नवी

(दृश्य: टेबलावर लाल केबिनचा खेळण्यातला ट्रक. दोन हात त्याचा रोबो करू लागतात.)

ट्रकचा मागचा भाग ओढून सरळ केला की पाय. बाजूचे तुकडे फिरवले की हात. मुठी सुट्या मिळतात, त्या मनगटात खोचायच्या. शेवटी डोकं वर काढलं, की झाला ऑप्टिमस प्राइम. ट्रान्सफॉर्मर्समधल्या चांगल्या रोबोंचा म्होरक्या. हे खेळणं या नावानं पहिल्यांदा बाजारात आलं 1984 साली. टेबलावर आहे ती त्याचीच पुन्हा काढलेली आवृत्ती.

आता छातीवरची ट्रकची काच उघडून बघा. आत बसायला जागा केलेली आहे. ड्रायव्हरला.

गोष्टीत तर हा ट्रक स्वतःच जिवंत आहे. सायबरट्रॉन नावाच्या ग्रहावरून आलेला, बोलणारा, निर्णय घेणारा. त्याला ड्रायव्हर कशाला?

हे हात ज्यांचे आहेत ते छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एका टूल रूममध्ये डायमेकर आहेत. दिवसा पोलादात डाय, म्हणजे साचे, कापतात, रात्री जेवण झालं की रोबो घेऊन बसतात. त्यांचं उत्तर तयार होतं. "डाय आधीच झालेली होती ना भाऊ. एका सीटपायी ती पुन्हा कोण कापतो? त्यांनी गोष्ट बदलली. ते स्वस्त पडतं."

झालं होतंही तसंच. जपानमध्ये ताकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रोमॅन अशी दोन वेगवेगळी खेळणी होती. डायाक्लोनमध्ये गाड्या, ट्रक, विमानं यांचे रोबो व्हायचे आणि ते चालवायला बोटाच्या पेराएवढी माणसं मिळायची. मायक्रोमॅनच्या घराण्यातल्या वस्तू मात्र खऱ्या मापाच्या, म्हणजे कॅसेट, पिस्तूल वगैरे. अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनं दोन्हीकडचा माल उचलला आणि एकाच नावाखाली विकायला काढला. म्हणून तर खलनायक मेगाट्रॉनचं मुठीत मावणारं पिस्तूल होतं, प्राइमचा अख्खा ट्रक होतो, आणि रोबो झाल्यावर दोघं तोडीस तोड उभे राहतात. माप कुठं जातं, ते विचारायचं नाही.

माल होता, नावं नव्हती. ते काम मार्व्हल कॉमिक्सकडे आलं. जिम शूटरनं गोष्टीचा सांगाडा रचला, ऑप्टिमस प्राइम हे नाव डेनिस ओनीलनं दिलं, आणि बाकी बहुतेकांची बारशी बॉब बुडियान्स्कीनं उरकली. कोण तापट, कोण भित्रा, कोणाला सत्तेची हाव, हे सगळं खोक्याच्या मागे छापलं जायचं. खेळण्यासोबत लाल प्लास्टिकची एक पट्टी यायची. ती छापील चौकटीवर धरली की त्या रोबोची ताकद किती, वेग किती, ते दिसायचं.

(दृश्य: एकाच आकाराची तीन विमानं, तीन रंगांत.)

स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प. डायमेकर तिन्ही उलटी करून दाखवतात. भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनांच्या गोल खुणा तिन्हींवर त्याच जागी, साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली पार्टिंग लाइनही तीच. एका साच्यातून तीन पात्रं काढली, फक्त प्लास्टिकचा दाणा बदलला. आणि तरीही स्टारस्क्रीम म्हटलं की चाहत्याला दगाबाज आठवतो, स्कायवॉर्प म्हटलं की तसं काही होत नाही. तो फरक साच्यातला नाही, कॉमिकच्या पानावरचा आहे.

मार्व्हलची ही मालिका चार अंकांत संपायची होती. चालली 80 अंक, 1991 पर्यंत. जाहिरात म्हणून जन्मलेलं कॉमिक, हे खरंच. पण जाहिरात कुणी चाळीस वर्षं जपून ठेवत नाही.

(दृश्य: जुन्या कॉमिक्सचा गठ्ठा. सुतळी सोडली जाते.)

मराठवाड्यात कॉमिक्स पोचली ती एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून. 1964 ला सुरू झालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही निघायची. फँटम आणि मँड्रेक परभणी-हिंगोलीच्या पोरांना ठाऊक झाले ते त्यातून. 1990 ला इंद्रजाल बंद पडलं, पण तोवर राज कॉमिक्सचे नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव आलेले होते. हिंदीत. इथल्या लोकांना त्याची अडचण कधीच नव्हती. निजामाच्या राज्यात राहिलेला मुलूख हा, हिंदी-उर्दू कानावर पडतच मोठा होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉमिक्स भाड्यानं मिळायची. वाचणारा एक आणि खांद्यावरून डोकावणारे चार, असा हिशोब.

आज स्टॉलवर कॉमिक्स शोधावी लागतात. चाहते मात्र कमी झाले नाहीत, ते मोबाइलवर गेले. अमेरिकेत नवे अंक बुधवारी येतात, म्हणून नांदेड, लातूर, बीडमधल्या काही जणांचा बुधवार वेगळा असतो. त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री एकच नियम: शेवट सांगायचा नाही. नियम मोडणाऱ्याला दोन दिवस ग्रुपबाहेर काढतात.

सध्या वाद चालतो तो स्कायबाउंड या अमेरिकन प्रकाशनाच्या ट्रान्सफॉर्मर्सवर. ही मालिका ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली. डॅनियल वॉरेन जॉन्सननं ती लिहिली, पहिले सहा अंक स्वतःच काढले, आणि 2024 मध्ये तिला उत्कृष्ट चालू मालिकेचा आयझनर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात यापेक्षा मोठा मान नाही.

पुरस्कार जाऊ द्या, पानं बघा. सुरुवातीच्याच एका प्रसंगात प्राइम जंगलातून चालताना त्याच्या पायाखाली हरिण येतं. एवढा अजस्र लोखंडी देह त्या मेलेल्या जनावरापुढे गुडघ्यावर बसतो. या ग्रहावरचा जीव किती नाजूक आहे हे त्याला पहिल्यांदा कळतं, आणि तेव्हापासून त्याचं पाऊल जपून पडतं.

मारामारी सुरू झाली की मात्र जपणं संपतं. जॉन्सन कुस्तीचा शौकीन. त्याचे रोबो लेझरच्या नळ्या बाजूला टाकून एकमेकांच्या कमरेला मिठी घालतात आणि डोक्यावरून फेकतात. ती अमेरिकन कुस्ती आहे, आपली मातीतली नव्हे. पण जत्रेतले फड बघत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. लातूरच्या एका वाचकानं त्या पानाखाली एवढंच लिहिलं होतं, "धोबीपछाड!"

कागदाची प्रत हातात यायला वेळ लागतो. सुटा अंक परदेशातून मागवायचा तर अंकापेक्षा टपाल महाग. म्हणून बहुतेक जण पाच-सहा अंकांचं एकत्र पुस्तक निघेपर्यंत थांबतात. एकाच अंकाची चार-पाच मुखपृष्ठं निघतात, ती सगळी घेणारेही इथं आहेत. आमच्या मते तो पैशाचा चुराडा आहे, पण हे त्यांना सांगायची सोय नाही.

(दृश्य: काचेचं कपाट. रोबोंच्या रांगा.)

खेळण्यांचं गणित आणखी अवघड. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. त्याआधी 2020 मध्ये आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं होतं, 2023 मध्ये ते 70 झालं. लहान मुलांच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये हा त्या चिन्हामागचा हेतू योग्यच. पण कपाटात ठेवायला रोबो घेणारा पस्तिशीतला माणूस या नियमांत आपोआप सापडला. मग कुणाचा भाऊ दुबईला, कुणाची बहीण पुण्याच्या आयटी कंपनीकडून परदेशी गेलेली, त्यांच्या बॅगेत दोन किलो जागा मागितली जाते. काही जण रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडून मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याला, जातात. संभाजीनगरात गुलमंडीच्या बाजारात नकली माल मिळतो, स्वस्त मिळतो, आणि सांध्यात तिसऱ्या दिवशी तुटतो.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न आईचा. "एवढ्याला किती दिलास?" खरी किंमत सांगायची नाही, हे संग्राहकाला कुणी शिकवावं लागत नाही. दुसरा प्रश्न ठरलेला असतो. "लग्न झालं तुझं, अन् अजून खेळणी घ्यायलास?"

नंतरचा शत्रू म्हणजे ऊन. मे महिन्यात इथं पारा 42-43 वर जातो. खिडकीसमोर ठेवलेलं पांढरं एबीएस प्लास्टिक वर्षा-दोन वर्षांत पिवळं पडतं. जुन्या काही ट्रान्सफॉर्मर्सचं सोनेरी झाक असलेलं प्लास्टिक तर नुसत्या वयानंच ठिसूळ होतं. हात लावला की भुगा. म्हणून कपाट उत्तरेच्या भिंतीला, काचेला पडदा, आणि धूळ झटकायला रंगकामाचा मऊ ब्रश. सांधा सैल झाला तर खिळीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा आणि वाळल्यावर बसवायची. कोकणातल्या संग्राहकाला बुरशी छळते, इथल्या कोरड्या हवेत निदान कॉमिक्सचा कागद तरी सुखात राहतो.

(दृश्य: गनप्लाचं, म्हणजे गंडमच्या प्लास्टिक मॉडेलचं, खोकं उघडतं. रंगीत चौकटींत जडवलेले सुटे भाग.)

गंडम ही जपानी मालिका 1979 ची. बांदाईनं तिचं पहिलं मॉडेल किट जुलै 1980 मध्ये काढलं, किंमत 300 येन. खोक्यात रोबो नसतो, रोबोचे तुकडे असतात, रनरला, म्हणजे प्लास्टिकच्या चौकटीला, चिकटलेले. आजच्या किटला गोंद लागत नाही, रंग लागत नाही.

डायमेकर निपर, म्हणजे छोटी कापणी पक्कड, घेतात. पहिला काप भागापासून दूर, थोडा दांडा ठेवून. दुसरा काप अगदी लगत, सावकाश. घाई केली की प्लास्टिक ताणलं जातं आणि तिथं पांढरा डाग उमटतो. मग कानस, मग बारीक पॉलिश पेपर. ते एक कोपर जोडतात, हलवतात, परत काढतात आणि उजेडात धरतात. एकाच रनरमध्ये वेगवेगळ्या रंगांचं प्लास्टिक, कुठंही फ्लॅश, म्हणजे कडेला आलेलं जादा प्लास्टिक, नाही, कुठंही सिंक मार्क, म्हणजे पृष्ठभागावरचा खळगा, नाही. "आमच्याकडं असा एक भाग निघाला तर आम्ही तो ऑफिसात नेऊन दाखवतो. यांनी अख्खं खोकं भरून दिलंय."

1985 ला बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची वस्ती वाढली. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथून शिकून निघालेली पोरं गावोगाव डाय कापतात. रोबो खेळण्याची खरी पारख या लोकांना आहे. दुकानात चेहरा बघतात, हे सांधा बघतात.

मग इथं का बनत नाही? एका चांगल्या रोबोला पन्नासेक भाग. त्यांचे साचे करायला लाखो रुपये, आणि तो खर्च निघायला हजारोंनी नग खपायला हवेत. शिवाय परक्या पात्राला परवाना लागतो. म्हणजे पात्र आपलंच हवं.

जालन्याच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं ते काढलंय. त्याचा रोबो ट्रकचा होत नाही, ऊसतोडणी यंत्राचा होतो. आजी-आजोबा बीडकडचे, दरवर्षी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जाणारे. ज्या यंत्रानं त्यांचं काम हिरावलं तेच यंत्र नायक करायचं की खलनायक, यावर त्याचं अजून ठरत नाही. डायमेकरांचं म्हणणं, आधी खांद्याचा सांधा ठरव, थ्रीडी प्रिंटवर तो दोनदा तुटलाय. पोरगा म्हणतो, नाही काका, आधी गोष्ट.

सध्या पोराचं चाललंय. सोळा पानांचा पहिला अंक दिवाळीआधी छापायचा आहे, काळा-पांढरा, कारण रंगीत छपाई खिशाला परवडत नाही. मुखपृष्ठ मात्र दोन प्रकारची काढायची म्हणतोय.