तक्ता खालून वाचताना

नमस्कार. जेतेपदासाठी झुंजणाऱ्या क्लबचा चाहता गुणतक्ता वरून वाचतो. तळाशी अडकलेल्या क्लबच्या चाहत्याला तो खालून वाचावा लागतो. आज याच खालच्या वाचनाबद्दल बोलायचं आहे आणि उदाहरण घ्यायचं आहे लिव्हरपूल शहरातल्या निळ्या क्लबचं, एव्हर्टनचं. 1888 साली इंग्लंडची लीग सुरू झाली, तेव्हाच्या संस्थापक क्लबांपैकी हा एक. 1954 पासून तो पहिल्या श्रेणीतून कधीच खाली गेलेला नाही, पण जाता जाता वाचल्याचे प्रसंग बरेच आहेत.

आधी हिशेब. प्रीमियर लीगमध्ये 20 संघ, प्रत्येकाचे 38 सामने, शेवटचे तीन खालच्या श्रेणीत. म्हणजे खालून चौथा संघ वाचला. तुमचा संघ किती चांगला आहे, हा प्रश्न इथे गैरलागू. तुमच्यापेक्षा वाईट संघ तीन आहेत का, एवढंच विचारायचं. ‘40 गुण झाले की सुटलो’ असं सगळे म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. 2003 मध्ये वेस्ट हॅम 42 गुण मिळवूनही खाली गेला. 2024 मध्ये अठराव्या क्रमांकावरच्या ल्यूटनचे 26 गुण होते, म्हणजे त्या वर्षी 27 गुणही पुरले असते.

गुण समान झाले तर गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल), तोही समान असेल तर केलेले गोल. म्हणून 0-3 ने हरत असताना शेवटच्या दहा मिनिटांत चौथा गोल न खाणं हेही काम असतं. 1998 मध्ये एव्हर्टन आणि बोल्टन दोघांचे 40 गुण होते. एव्हर्टन फक्त गोलफरकावर राहिला, बोल्टन गेला.

तळातले दोन प्रतिस्पर्धी एकमेकांशी खेळत असतील तर आपण काय मागायचं? हंगामाच्या मध्यावर बरोबरी, कारण बरोबरीत दोघांना मिळून दोनच गुण मिळतात; निकाल लागला तर तीन गुण वाटले जातात. पण शेवटच्या चार-पाच फेऱ्यांत हे उलटू शकतं. एक संघ आपल्या हाताबाहेर पुढे निघून गेला असेल, तर त्यालाच जिंकू द्यावं म्हणजे दुसरा खालीच अडकतो. दोघंही खाली असण्याची आपल्याला गरज नाही, तिसरी जागा भरायला एक पुरे. चिडलेल्या चाहत्याला हे पटायला वेळ लागतो, पण गणित असंच आहे.

आता 2022-23 चा हंगाम, कारण त्यात सगळं सापडतं. आदल्या हंगामात दहा गोल करणारा रिशार्लिसन टॉटनहॅमला विकला गेला. आघाडीचा डॉमिनिक कॅल्व्हर्ट-लुइन दुखापतींमुळे लीगमध्ये जेमतेम 17 सामने खेळला आणि दोन गोल करू शकला. जानेवारीत अँथनी गॉर्डन न्यूकॅसलला गेला आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या त्या मुदतीत बदली एकही खेळाडू आला नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचा उधळा खर्च होता, सतत बदललेले प्रशिक्षक होते. प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला वेगळ्या ठेवणीचे खेळाडू हवे असत आणि जुन्यांचे करार तसेच चालू राहत. क्लब असा आतून पोखरला जातो. मैदानावरचा पराभव त्यानंतर दिसतो.

20 सामन्यांत 15 गुण. प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्डला काढलं आणि 30 जानेवारीला शॉन डायश आला. उरलेल्या 18 सामन्यांत 21 गुण मिळाले. ते कसे आले हे बारकाईनं बघण्यासारखं आहे. विजय पाच, त्यातले चार 1-0 असे. पहिल्याच सामन्यात अव्वल स्थानावरच्या आर्सेनलविरुद्ध ड्वाइट मॅकनीलचा कॉर्नर आणि जेम्स टार्कोव्हस्कीचं हेडर. गोल करणारा आघाडीपटू नसेल तर तुम्ही कॉर्नर आणि फ्री किक यांवर जगता, आणि मागची फळी घट्ट ठेवता. त्या हंगामात एव्हर्टननं 38 सामन्यांत 34 गोल केले, त्यात मॅकनीलचे सात सर्वाधिक. लेस्टरनं 51 केले होते, लीड्सनं 48. ते दोघे गेले. त्यांनी खाल्ले होते 68 आणि 78, एव्हर्टननं 57.

सहा बरोबऱ्याही झाल्या. त्यातली चेल्सीविरुद्धची 89 व्या मिनिटाला एलिस सिम्सच्या गोलनं. टॉटनहॅमविरुद्ध 90 व्या मिनिटाला मायकेल कीनचा लांबून हाणलेला फटका. वुल्व्हजविरुद्ध भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला येरी मिना. तीन उशिरा गोल, तीन गुण. हंगाम संपला तेव्हा एव्हर्टनचे 36 आणि लेस्टरचे 34 होते. या तिन्हींपैकी कोणतेही दोन गोल काढून टाका, दोघांचे 34 होतात. लेस्टरचा गोलफरक उणे 17, एव्हर्टनचा उणे 23. म्हणजे एव्हर्टन खाली. मार्चमधल्या चेल्सीविरुद्धच्या बरोबरीनंतर ‘एकच गुण’ म्हणून सुस्कारा टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

1 मे रोजी लेस्टरच्या मैदानावर आणखी एक प्रसंग घडला. लेस्टर 2-1 ने पुढे, मध्यंतराच्या तोंडावर त्यांना पेनल्टी मिळाली. जेम्स मॅडिसननं चेंडू सरळ मध्यावर मारला आणि एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड जागीच थांबला होता. दुसऱ्या अर्ध्यात ॲलेक्स इवोबीनं 2-2 केलं. मला विचाराल तर त्या वर्षाचा सर्वांत मोलाचा क्षण तो. इथे एक गुण नुसता मिळाला नाही, समोरच्याचे दोन गेले.

28 मे, शेवटचा दिवस. सगळे सामने एकाच वेळी सुरू होतात, आपल्याकडे रात्री नऊला. एव्हर्टन 33, लेस्टर आणि लीड्स 31. एव्हर्टन जिंकला तर प्रश्नच नाही. बाकी काहीही झालं तर दुसऱ्या मैदानांकडे बघायचं. मध्यंतराला एव्हर्टनच्या तेव्हाच्या घरच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, बोर्नमथविरुद्ध 0-0 आणि तिकडे लेस्टर वेस्ट हॅमविरुद्ध पुढे. म्हणजे त्या क्षणी एव्हर्टन अठरावा. कॅल्व्हर्ट-लुइन नाही, नेहमीचे फुलबॅक (कडेचे बचावपटू) जायबंदी, मॅकनील डाव्या बाजूला बचावाचंही काम करतोय. 57 व्या मिनिटाला अर्धवट परतवलेला चेंडू अब्दुलाय डुकूरेनं पेनल्टी क्षेत्राबाहेरून थेट जाळ्यात मारला. मग दहा मिनिटांची भरपाई वेळ, आणि त्यात बोर्नमथच्या मातियास विनाचा फटका पिकफर्डनं बाहेर ढकलला. लेस्टर जिंकूनही खाली गेला.

चाहत्याच्या हातात यातलं काय असतं? 1 मे 2022 ला चेल्सीच्या सामन्याआधी संघाची बस येताना रस्त्याच्या दुतर्फा हजारो लोक निळा धूर करत उभे होते; एव्हर्टन 1-0 ने जिंकला. आवाजानं गोल होतो असं मी म्हणणार नाही. पण गुडिसनसारख्या चिंचोळ्या, जुन्या मैदानात आपल्याच माणसांचा वैताग पहिल्या चुकलेल्या पासनंतर खेळाडूच्या पायात उतरतो, आणि मग तो पुढे पास द्यायचं सोडून मागेच देत राहतो. तो वैताग आवरणं हे चाहत्याचं खरं काम. धुराच्या नळकांड्या मैदानात मात्र नेऊ नका, तिथे तो गुन्हा आहे. व्यवस्थापनाविरुद्धचा राग रास्त असतो, आणि एव्हर्टनच्या लोकांनी तो नीट वेळ पाळून दाखवला: निदर्शनं सामन्याआधी किंवा नंतर, नव्वद मिनिटं संघासाठी.

आपल्याकडे ही भीती आता कमी लोकांनी अनुभवली आहे, कारण 2014 ला सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधून 2025 पर्यंत एकही संघ खाली गेला नव्हता. पण गोव्याच्या लोकांना 2014-15 ची आय-लीग, तेव्हाची देशातली वरची लीग, आठवत असेल. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला डेम्पो अकरा संघांत दहावा आला. शेवटच्या जागेवर पुण्याचा भारत एफसी होता, पण थेट प्रवेश मिळालेल्या त्या नव्या संघाला रेलिगेशनमधून, म्हणजे खाली जाण्यातून, सूट होती. डेम्पो गेला.

एव्हर्टनचं पुढचं वर्ष आणखी वेगळं. नोव्हेंबर 2023 मध्ये आर्थिक नियम मोडल्याबद्दल दहा गुण कापले गेले. तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोट्याची मुभा होती, तो 1.95 कोटींनी ओलांडला होता. 14 गुणांचे एका दिवसात 4 झाले. डिसेंबरमध्ये एकही गोल न खाता सलग चार विजय. फेब्रुवारीत अपिलावर शिक्षा सहावर आली, एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबासाठी आणखी दोन गुण गेले. मग 21 ते 27 एप्रिल या सात दिवसांत घरच्या मैदानावर नॉटिंगहॅम फॉरेस्ट 2-0, लिव्हरपूल 2-0, ब्रेंटफर्ड 1-0. त्या संध्याकाळी एव्हर्टनचे 36, अठराव्या ल्यूटनचे 25, आणि तीन सामने बाकी. तीनही जिंकले तरी ल्यूटन 34 वर थांबणार होता.